चंदेरीची मोजदाद

अकबराच्या दरबारातील अबुल फझल याने ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात चंदेरी नगरीविषयी काही आकडे नोंदवून ठेवले आहेत. १४ हजार दगडी घरे, ३८४ बाजार, ३६० सराया आणि १२ हजार मशिदी. यातील शेवटचा आकडा खरा मानायचा, तर जवळपास प्रत्येक घरामागे एक मशीद होती असे म्हणावे लागेल. तेव्हा ही मोजणी नव्हे, तर गौरव होता, हे उघड आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांच्या गॅझेटियरने याच नगरीची लोकसंख्या चार हजारांच्या आसपास नोंदवली. २०११ च्या जनगणनेत ती ३३,०८१ भरली. एकाच गावाच्या या तीन नोंदी केवळ चढउतार सांगत नाहीत. राज्यकर्त्यांना ज्या काळी जे पाहायचे असते तेच ते मोजतात, हेही त्या सांगतात.

मराठी वाचकाला चंदेरी परिचित आहे ती साडीमुळे. मध्य प्रदेशच्या अशोकनगर जिल्ह्यातील, बेतवा नदीपासून जवळ, विंध्याच्या टेकड्यांनी वेढलेले हे गाव माळवा आणि बुंदेलखंड यांच्या सीमेवर वसले आहे. गुजरातची बंदरे आणि दख्खन यांना उत्तरेशी जोडणारे व्यापारी मार्ग येथून जात, म्हणूनच ते प्रत्येक सत्तेला हवे होते. माळव्याच्या सुलतानांनी येथे कोशक महाल उभारला. जानेवारी १५२८ मध्ये बाबराने मेदिनीरायाकडून किल्ला जिंकला, तेव्हा येथे जोहार झाला. पुढे बुंदेले आले. १८११ मध्ये शिंद्यांचा सेनानी जाँ बाप्तिस्त फिलोज याने चंदेरी घेतली. १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने ती सर केली आणि काही वर्षांतच ती पुन्हा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाकडे आली.

इतक्या उलथापालथीनंतरही गाव टिकले ते किल्ल्यामुळे नव्हे, मागामुळे. व्यापारी मार्ग बदलले. रेल्वे आली ती चंदेरीला बाजूला ठेवून, ललितपूरवरून गेली. गिरण्यांच्या सुताने हातसुताची जागा घेतली. परंतु ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे आणि नागपूर येथील मराठा घराण्यांच्या मागणीने विणकरांना आधार दिला. विसाव्या शतकात रेशमाचा ताणा आला आणि त्याने या वस्त्राचे रूपच पालटले. २००५ मध्ये चंदेरी वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळाले. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील विणकर आजही येथे माग चालवतात. या गावाची अर्थव्यवस्था शेतीवर नव्हे तर घरातील मागावर उभी आहे, आणि नेमके हेच आपल्या लोकसंख्याशास्त्राच्या चौकटीत नीट बसत नाही.

आपल्याकडे एखादी वस्ती दोन मार्गांनी ‘शहर’ ठरते. राज्य सरकारने नगरपालिका किंवा नगर पंचायत स्थापन केली तर ती वैधानिक शहर होते. चंदेरी या वर्गात मोडते. अन्यथा जनगणना आयुक्तालय तीन कसोट्या लावते : किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात. या कसोट्यांना उतरलेल्या वस्तीला ‘जनगणना शहर’ म्हणतात. २००१ मध्ये अशी शहरे १,३६२ होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. त्यांचा कारभार मात्र ग्रामपंचायतीच पाहतात. सांडपाणी, बांधकाम परवानगी, रस्त्यांची आखणी यांसाठी लागणारे अधिकार आणि मनुष्यबळ ग्रामपंचायतीकडे नसते. लोक शहरासारखे जगतात, कारभार खेड्यासारखा चालतो.

तिसऱ्या कसोटीतील ‘पुरुष’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार आहेत आणि त्यांपैकी सुमारे ७२ टक्के महिला आहेत. चंदेरीपासून काही किलोमीटरवर असलेल्या प्राणपूरसारख्या गावातही घरोघरी माग चालतात. कांड्या भरण्यापासून विणकामापर्यंत स्त्रियांचे श्रम त्यात गुंतलेले असतात. पण अशी एखादी वस्ती खेडे राहिली की शहर झाली, हे ठरवताना या स्त्रियांचे काम हिशेबातच येत नाही. पुरुष शेतात आणि स्त्री मागावर असेल, तर सरकारी दप्तरी ती वस्ती शेतकऱ्यांचीच राहते.

हा केवळ व्याख्येचा वाद नाही. अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला स्वस्त धान्याचा हक्क दिला. रोजगाराची हमी ग्रामीण भागापुरतीच मर्यादित राहिली. याउलट, २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मार्ट सिटी’ योजनेत शंभर शहरे होती, आणि त्याच वर्षीच्या ‘अमृत’ योजनेचा रोख प्रामुख्याने एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांवर होता. म्हणजे छोट्या शहराच्या वाट्याला ग्रामीण हक्कांची वजाबाकी येते, पण महानगरी निधीची बेरीज येत नाही. नगरपालिका नको, पंचायतच बरी, असे अनेक वस्त्यांना वाटते, त्यामागे हा व्यवहारी हिशेब असतो.

त्यातच २०२१ ची जनगणना झालीच नाही. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार १ मार्च २०२७ हा देशाच्या बहुतांश भागासाठी संदर्भदिन आहे. दोन जनगणनांमधील अंतर सोळा वर्षांचे झाले. महानगरांबाबत नमुना पाहण्या, उपग्रहचित्रे, कंपन्यांची सर्वेक्षणे यांवर तरी निभावते. तेहतीस हजारांच्या गावाला नमुना पाहणीत स्वतंत्र स्थानच नसते. त्याच्यासाठी जनगणना हाच एकमेव आरसा आहे. तो नसेल तर शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या आणि शिधापत्रिका यांचे नियोजन जुन्याच आकड्यांवर चालते.

यासाठी तीन गोष्टी करता येतील. पहिली, शहराची व्याख्या करताना स्त्री-पुरुष दोघांचेही काम गृहीत धरावे आणि घरातल्या मागावर बसलेल्या स्त्रीची ‘गृहिणी’ एवढीच नोंद होऊ नये, यासाठी प्रगणकांना स्पष्ट सूचना असाव्यात. दुसरी, जी वस्ती कसोट्यांना उतरेल तिला ठरावीक मुदतीत नगर पंचायतीचा दर्जा द्यावा. ७४ व्या घटनादुरुस्तीने ‘संक्रमणावस्थेतील क्षेत्रा’साठी हीच तरतूद केली आहे, पण निर्णय राज्यांच्या मर्जीवर सोडला आहे. तिसरी, हा दर्जा मिळाल्यावर ग्रामीण हक्क एका रात्रीत जाऊ नयेत. काही वर्षे ते चालू राहावेत. यातील अखेरच्या दोन सूचनांना राज्य सरकारे खर्चाचे कारण पुढे करून विरोध करतील. पण नियोजनाशिवाय वाढलेल्या वस्तीत गटारे आणि रस्ते नंतर घालणे अधिक महाग पडते, याचा अनुभव आपल्या प्रत्येक मोठ्या शहराने घेतला आहे.

अबुल फझलने चंदेरीच्या मशिदी आणि बाजार मोजले, पण वैभवाच्या त्या यादीत विणकरांचा आकडा नाही. चार शतकांहून अधिक काळानंतर आपल्यापाशी मोजणीची साधने कितीतरी अधिक आहेत. ती मागावर बसलेल्या माणसापर्यंत, त्यातही बाईपर्यंत, पोहोचतात की नाही, यावरच आगामी जनगणनेचे मोल ठरेल.