सावली कुणाच्या बापाची?

१६ एप्रिल २०२३. खारघर, तालुका पनवेल. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा. मंचावर छत, मैदानात लाखो माणसं उघड्यावर. १४ मेली. कागदावर कारण लिहिलं : उष्माघात.

म्हणजे गुन्हेगार कोण, तर सूर्य! करा त्याच्यावर केस.

पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भातला गडी म्हणेल, एवढ्यात कोण मरतंय? अरे बाबा, इथं खाडी हाय. घाम नुसता सुटून अंग गार होत नाही, तो सुकावा लागतो. हवाच ओली असली की घाम गळत राहतो, सुकत नाही. आतली आग आतच. काळीज कातडीकडं रक्त ढकलून ढकलून दमतं. अंगाचा ताप ४० च्या वर गेला की माणूस बरळतो, कोसळतो.

आम्हाला हे लूमखात्यानं शिकवलं. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरणीत हवा मुद्दाम ओली करतात. त्या ओलीवर मोजमाप नि नियम असावेत म्हणून १९४८ च्या कारखाना कायद्यात खास कलम घातलं होतं, १५ वं. म्हणजे दमट गरमी माणसाचं काय करते, हे सरकारला तेव्हापासून ठाऊक. मग मैदानातली हवा कुणी मोजली?

मेल्यावर ५ लाख जाहीर. मेल्यावर चौकशी. मेल्यावर हुकूम : दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नको. वा! आणि नाक्यावरच्या बिगाऱ्याला, रस्ता खोदणाऱ्या बाईला, गटार उपसणाऱ्या आमच्या भावाला १२ ते ५ कोण सोडतो? सोडलं तर रोज कोण देतो?

याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते कुणी मेहेरबानीनं दिलं नव्हतं. सावलीही तशीच घ्यावी लागणार.

तेव्हा दोस्तांनो, मागणी साधी ठेवा. कडक उन्हात दुपारचं काम बंद, रोज पुरा. कामावर पाणी, छप्पर. आणि सभेला एकच कायदा : जनता उन्हात, तर मंचही उन्हात.

बघा मग, मांडव कसा रातोरात उभा राहतो!