शिफारसपत्र आणि आपली भीड

बोनाफाईडचा दाखला हवा असला की आपल्यातला कोणीही कार्यालयाच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. बाबूंनी ‘उद्या ये’ म्हटले तर उद्या जातो, परवा जातो आणि तिसऱ्या दिवशी जरा आवाजही चढवतो. हाच विद्यार्थी प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागतो, तेव्हा मात्र एकदा विचारून जो गप्प बसतो, तो अखेरची तारीख उलटली तरी तोंड उघडत नाही. स्टाफरूमच्या दारापर्यंत जायचे, आत चौघे प्राध्यापक चहा घेत बसलेले पाहायचे आणि परत फिरायचे. ‘सरांना पुन्हा कसे विचारायचे? राग आला तर?’ भीड ही भिकेची बहीण असे आपल्याकडे म्हणतात. येथे ती भीक मागण्याइतकीही सवड ठेवत नाही.

याचे एक कारण ‘शिफारस’ या शब्दातच आहे असे मला वाटते. आपल्या कानाला या शब्दाबरोबर ‘वशिला’ ऐकू येतो. नोकरीसाठी पुढाऱ्याची चिठ्ठी आणणारा आणि पुढच्या शिक्षणासाठी आपल्या शिक्षकाचे मत मागणारा, दोघे आपल्या नजरेत एकाच रांगेत उभे राहतात. वास्तविक दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुढाऱ्याची चिठ्ठी लिहिणाऱ्याचे वजन सांगते. प्राध्यापकाचे पत्र विद्यार्थ्याचे काम सांगते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा इतिहास आपण जयंतीच्या भाषणांत दर वर्षी ऐकतो, पण त्यातली ही बाजू सहसा कोणी सांगत नाही. केळुसकर गुरुजींनी तरुण भीमरावांची सयाजीराव महाराजांशी भेट घडवून आणली. महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि बी. ए. च्या अभ्यासासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे १९१३ साली बडोदे संस्थानने दरमहा साडेअकरा पौंड देऊन त्यांना तीन वर्षांसाठी अमेरिकेला पाठविले. कोलंबिया विद्यापीठात त्यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन भेटले. १९१७ साली बाबासाहेब मायदेशी परतत असताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती बोट युद्धात बुडाली आणि प्रबंधाचे हस्तलिखितही गेले. १९२२ साली त्यांनी लंडनहून सेलिग्मन यांना पत्र लिहिले: जुने हस्तलिखित गेले, नवा प्रबंध लिहिला आहे. मध्ये पाच वर्षांचा काळ! ‘आता सरांना आठवत असेन का’ म्हणून ते थांबले नाहीत. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना याच सेलिग्मन यांची आहे.

या प्राध्यापकांचा आपल्या वर्ध्याशीही एक धागा आहे. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा हेही कोलंबियात सेलिग्मन यांचेच विद्यार्थी. हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर कुमारप्पांनी दिलेल्या व्याख्यानाची बातमी सेलिग्मन यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि हाच विषय अभ्यासाला घे, असे त्यांना सुचविले. त्या अभ्यासातून झालेले लेखन पुढे गांधीजींनी ‘यंग इंडिया’त छापले. आपला विद्यार्थी बाहेर काय बोलतो याकडे ज्या प्राध्यापकाचे लक्ष असते, त्याला पत्र लिहिताना शब्द शोधावे लागत नाहीत.

आता आपल्याकडचे पाहू. प्राध्यापकांची बाजू मी नाकारीत नाही. एकेका वर्गात शंभर-सव्वाशे नावे, पेपर तपासणे, परीक्षेची कामे, नॅकचे कागद. त्यात कोणी शुक्रवारी येऊन ‘सर, सोमवार शेवटचा’ म्हणाला तर कोणीही वैतागेल. परंतु यावर निघालेली युक्ती मात्र मला अजिबात मान्य नाही: ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ विद्यार्थी बिचारा जुन्या पत्राची नक्कल करतो. ‘होतकरू, प्रामाणिक, कष्टाळू’ ही तीन विशेषणे आर्वीच्या मुलालाही लागतात आणि समुद्रपूरच्या मुलीलाही. असे पत्र वाचून कोणाला काय कळणार? त्यापेक्षा सरळ ‘मला जमणार नाही’ म्हटलेले बरे. विद्यार्थी दुसरे दार तरी ठोठावील.

शिवाय आता पत्र आपल्या हातात येतच नाही. अनेक विद्यापीठे प्राध्यापकांच्या ई-मेलवर दुवा पाठवितात आणि पत्र परस्पर तिकडेच जाते. तो ई-मेल नको त्या टपालाच्या कप्प्यात पडला तर सरांना कळत नाही, आणि पत्र अडले आहे हे आपणही त्यांना सांगत नाही. शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पण तिच्यासाठी आधी परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेला असावा लागतो, आणि त्या प्रवेशाला बहुधा दोन-तीन पत्रे लागतात. शहरातल्या ज्या मुलाच्या घरी दोन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्याला हे वडील सांगतात. कारंजा किंवा आष्टीहून एस. टी.ने येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलीला ते कोण सांगणार? तिच्यासाठी स्टाफरूमचे ते एकच दार आहे.

मग पत्र कोणाकडे मागावे? पुष्कळांना वाटते, प्राचार्यांची सही हवी, तिला वजन असते. माझे मत वेगळे आहे. तासिका तत्त्वावरच्या ज्या मॅडमनी तुमचे निबंध ओळीओळीने तपासले, त्यांचे पत्र अधिक मोलाचे. अडचण एवढीच की वर्ष संपले की त्या मॅडम पुढच्या वर्षी येथे असतील याची खात्री नसते. त्यांचा पत्ता आणि फोन क्रमांक वेळीच घेऊन ठेवावा.

मागताना तीन-चार आठवडे हाती ठेवावेत. गुणपत्रिकेची प्रत, आपण लिहिलेला एखादा चांगला निबंध आणि अखेरची तारीख एका कागदावर ठळक लिहून द्यावी. आठ दिवस आधी एकदा आणि दोन दिवस आधी पुन्हा आठवण करावी. ‘सर, ते पत्र गेले का?’ या पाच शब्दांत उद्धटपणा कोठे आहे?

प्राध्यापकवर्गाला माझी एक सूचना आहे. प्रत्येक विभागात एक वही ठेवावी. विद्यार्थ्याने तीत नाव, कोठे अर्ज केला आणि अखेरची तारीख लिहावी. पत्र गेले की सरांनी समोर खूण करावी, देणार नसतील तर तसे लिहावे. म्हणजे विद्यार्थ्याला दारातून परत फिरावे लागणार नाही आणि सरांच्या चहातही व्यत्यय येणार नाही. वहीचा खर्च आमचा वर्ग करील.