वसईच्या इतिहासातील गाळलेले पान

वसईच्या किल्ल्यात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की दोनच सनावळ्या ऐकू येतात. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला आणि १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने येथे तह केला. मधल्या काळात जणू काही घडलेच नाही! ११ डिसेंबर १७८० रोजी हा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, हे सांगितले की विद्यार्थीच नव्हे, सहकारी प्राध्यापकही आमच्याकडे संशयाने पाहतात.

तो घेणारा जनरल थॉमस गॉडर्ड. १७७८ मध्ये बंगालच्या फौजेचा प्रमुख कर्नल लेस्ली वाटेतच मेला आणि नेतृत्व गॉडर्डकडे आले. मध्य हिंदुस्थान ओलांडून १७७९च्या फेब्रुवारीत तो सुरतेस पोहोचला. वडगाव येथे मुंबईकर इंग्रजांची नाचक्की होऊन तेव्हा जेमतेम महिना लोटला होता. फेब्रुवारी १७८० मध्ये त्याने अहमदाबाद घेतले आणि वर्षअखेरीस वसईला वेढा घातला.

वेढा फोडू पाहणाऱ्या मराठी फौजेला कर्नल हार्टलीने अडवून धरले होते. वसई पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ डिसेंबरला, दुगाडच्या लढाईत रामचंद्र गणेश कानडे कामी आले. पानिपतानंतर, १७६९ मध्ये, उत्तरेत पुन्हा मराठी जरीपटका नेणाऱ्या मोहिमेचे हे सरदार. वज्रेश्वरीला गेल्यावर चिमाजीअप्पांच्या नवसाची कथा भक्तिभावाने सांगणारे आम्ही, त्याच परिसरातल्या दुगाडचे नाव मात्र काढत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो : परक्या सेनापतीचे गोडवे कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. ओळख करून घेणे म्हणजे आरती ओवाळणे नव्हे. शिवाय गॉडर्डचे चरित्र नीट वाचले तर गोडवे गाण्याजोगे फारसे उरतच नाही. त्याची कीर्ती ज्यांच्या पायांवर उभी राहिली ते बहुसंख्येने हिंदुस्थानी शिपाई होते. त्यांची नावे ना इंग्रजांनी जपली, ना आम्ही. १७८१ मध्ये तो बोरघाटापर्यंत चढला आणि एप्रिलमध्ये मराठी फौजांचा मार खात पनवेलकडे परतला. १७८२च्या सालबाईच्या तहाने वसई पुन्हा मराठ्यांकडे आली. साष्टी मात्र इंग्रजांनी सोडली नाही. १७८३ मध्ये मायदेशी परतताना गॉडर्ड वाटेतच वारला.

म्हणजे पराभवाचे पान फाडताना आपण त्यापुढचा प्रतिकारही फाडून टाकला. गर्वाने वाचलेल्या इतिहासाचे असेच होते.

साहित्याच्या अध्यापकांना यात विशेष लाज वाटायला हवी. या युद्धाचे कथन दीर्घकाळ आम्ही ग्रँट डफच्या इतिहासातून घेतले; तोही कंपनीचा लष्करी अधिकारीच. त्याच्या ग्रंथाची साधार चिकित्सा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६०च्या दशकात, विद्यार्थिदशेत असताना केली. आज आमचे विद्यार्थी ग्रँट डफ वाचत नाहीत आणि कीर्तनेही वाचत नाहीत. ते फलक वाचतात, आणि तेच वाचायला आम्ही त्यांना शिकवले आहे.

पुढच्या सहलीत चिमाजीअप्पांच्या पुतळ्याला वंदन अवश्य करू. पण तेथून परस्पर घरी न येता दुगाडला जाऊ, आणि कीर्तन्यांचा निबंध सोबत नेऊ. एवढेही जमत नसेल, तर वसईच्या इतिहासाचा अभिमान बाळगण्याचा आम्हांस अधिकार नाही.