गावाला देणगी नको, मीटिंग हवी

बीड-लातूर भागातल्या धर्मापुरीच्या व्यसनमुक्तीसाठी आपण इथून, न्यू जर्सीतून, निधी गोळा करावा आणि दरवर्षी गावात एक मोठं शिबिर भरवावं, असा प्रस्ताव मंडळातल्या बीडकरांनी मांडला आहे. मी त्याच गावचा. हेतूबद्दल दुमत नाही, पण शिबिराला माझा विरोध आहे. दारू सोडलेल्या माणसाला पुढचा एकेक आठवडा निभवायचा असतो. त्यासाठी त्याला एसटीने सहज जाऊन येता येईल अशी, दारू सोडू पाहणाऱ्यांची, मराठीतली, दर आठवड्याची मीटिंग लागते. आपण जोर लावायचा तर तिथे लावू.

आपल्याकडे दारू सोडायची जुनी वाट म्हणजे माळ घालणं. सप्ताहात महाराजांच्या हातून माळ घ्यायची, वारी धरायची. या वाटेने कितीतरी संसार सावरले आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण काल्याचं कीर्तन झालं की मंडप सुटतो, महाराज पुढच्या गावाला जातात. मग एका संध्याकाळी तलफ येते, जुना सोबती दारात उभा राहतो आणि माणूस गळ्यातली माळ काढून देवघरातल्या खुंटीला अडकवतो. त्या क्षणी त्याला उपदेश ऐकू येत नाही. त्याच तलफेतून गेलेल्या कुणाचा तरी आवाज ऐकू येऊ शकतो.

1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात हेच घडलं. दारू सोडून काही महिने झालेला बिल विल्सन धंद्यातल्या अपयशाने खचून हॉटेलात उभा होता, समोर बार होता. त्याने चर्चच्या लोकांना फोन लावले आणि बोलायला एखादा दारुडा गाठून द्या, म्हणून विनवलं. अखेर डॉ. बॉब स्मिथ भेटले. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपली 'ए.ए.', उभी राहिली. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. फी नाही. खर्च सभासद आपापसांत वर्गणी काढून भागवतात आणि बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. म्हणजे आपला चेक तिथे चालणारच नाही. चालेल ती संध्याकाळी रिकामी असलेली शाळेची एक खोली, चार बाकं, दिवा आणि गावाने राखलेला मान. ही खोली मिळवून देणं आपल्याला जमण्यासारखं आहे, कारण सरपंच, मुख्याध्यापक आपल्या ओळखीचे आहेत आणि आपला शब्द तिथे खाली पडत नाही.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही उपचार संपवून घरी गेलेल्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. पाठपुराव्याच्या बैठका असतात आणि बायकांसाठी 'सहचरी' गट असतो. घरच्या बाईने जे सोसलेलं असतं, ते बोलायलाही जागा लागते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, लहान गावात नाव गुप्त कसं राहणार? खरं तर तो पितो हे साऱ्या गावाला आधीच ठाऊक असतं. तरीही ज्याला संकोच वाटतो त्याने सुरुवातीला परळी, अंबाजोगाई, लातूर अशा बाहेरगावची मीटिंग शोधावी. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मुकादमाची उचल घेतलेले ऊसतोडीचे कोयते दसरा-दिवाळीला कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलात परततात. फडात कसली आली मीटिंग? म्हणूनच फोनवरची मराठी मीटिंग हवी. पाचटाच्या कोपीतही मोबाइल असतो.

एक सावधगिरी मात्र हवीच. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्यावं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. भारतात व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे सरकारी क्रमांक आहेत. ते आपल्या गावाकडच्या प्रत्येक घरी पोचवू या.

आणि हा प्रश्न फक्त गावाकडचा समजू नका. आपल्या इथल्या घरांतही शनिवारच्या पार्टीतला ग्लास सोमवारी सकाळी हातात आलेला आहे. बाईला ते दिसतं, मुलांना कळतं, पण मंडळात कुणी बोलत नाही. इथे इंग्रजी मीटिंग हाकेच्या अंतरावर असते, पण मेलेल्या बापाशी केलेलं भांडण काहींना इंग्रजीत सांगता येत नाही. म्हणून फोनवरची ती मराठी मीटिंग इथल्यांनाही हवी. भारतात रात्रीचे साडेआठ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा. दोन्हीकडच्यांनी एकाच मराठी मीटिंगला बसायला ही वेळ उत्तम आहे.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत शिबिराचा ठराव मागे घ्यावा आणि तीन कामं हाती घ्यावीत. ए.ए.च्या आणि मुक्तांगणच्या लोकांशी बोलून बीड-लातूर भागातल्या चालू बैठकांचे वार, वेळा, ठिकाणं गावात पोचवावीत. धर्मापुरीत एक खोली कायमची मिळवून द्यावी. आणि मंडळाच्या प्रत्येक अंकात फोनवरच्या मराठी मीटिंगची वेळ पहिल्या पानावर छापावी, जशी आपण गणपतीच्या आरतीची छापतो. यांतलं तिसरं काम पुढच्या अंकापासूनच सुरू होऊ शकतं. ते करायची जबाबदारी मी घेतो.