बोटुकली घेताना आधी आई-बाप विचारा



पावसाळा आला की शेततळ्यासाठी बोटुकलीची चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न असतो, "नगाला काय भाव?" माझं मत असं की पहिला प्रश्न "आई-बाप कुठले?" हा हवा.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे. त्यांना विणीला पुराचं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. म्हणून शेततळ्यात आणि चिंचणीच्या घोड धरणासारख्या जलाशयातही बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. बीज केंद्रात इंजेक्शन देऊन वीण घेतात. एक मादी लाखांनी अंडी देते, त्यामुळे मोजक्या जोड्यांवर काम भागतं. त्यातलीच पिल्लं पुढच्या विणीला ठेवली की भावा-बहिणीची जोडी लागते. असं पिढ्यान् पिढ्या चाललं की वाढ खुंटते, वाकडी पिल्लं निघतात, रोगाला मासे लवकर बळी पडतात.

तुम्हाला हे नवीन नाही. कालवड तिच्याच बापाच्या रेतनाने आपण भरवत नाही. कांद्याचं घरचं बी चार कांद्यांवर धरत नाही. मग मासळीलाच सूट का?

उलट उदाहरण बघा. भुवनेश्वरच्या 'सीफा' संस्थेने १९९२ पासून गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांतले रोहू एकत्र आणून निवड केली. त्यातून 'जयंती रोहू' आला. दर पिढीला वाढ सुमारे १७ टक्के सुधारली. वेगवेगळं रक्त होतं, म्हणूनच निवडायला वाव मिळाला.

"बोटुकली महाग पडेल," असं काहीजण म्हणतील. पण मोठा खर्च खाद्याचा असतो, आणि खुरटा मासाही खाद्य खातोच.

म्हणून एकत्रित खरेदीआधी केंद्राला हे विचारूया:
१) नर-माद्या किती आहेत?
२) बाहेरून नवीन नर-माद्या शेवटच्या कधी आणल्या?
३) कटला-रोहूची वीण वेगळी घेता का? (एकत्र घेतली की संकर होतो.)

उत्तर नीट मिळालं नाही तर भाव कितीही कमी असो, तिथून घेऊ नये.

आणि उरलेली बोटुकली ओढ्यात सोडू नका. शेततळं भरून वाहत असेल तर सांडीला जाळी लावा. इथलं पाणी घोडेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं. तिथल्या मूळ मासळीत आपलं कमजोर बीज मिसळायला नको. थाई मांगूर तर पाळूच नका, त्याला बंदी आहे.

– आपल्या कंपनीचा कृषी सल्ला विभाग