माहितीपट पाहून झाल्यावर



डॉ. जयंत नारळीकर यांच्यावरील माहितीपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. नसेल, तर विज्ञान दिनाच्या निमित्ताने बारामती-इंदापूरकडील तुमच्या शाळेतही तो कधीतरी दाखवला जाईल. त्यात आपल्याला काय दिसते? १९३८ साली कोल्हापुरात जन्म, बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवणारे वडील, पुढे केंब्रिज, फ्रेड हॉईल यांच्यासारखे गुरू, १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली 'आयुका' आणि २००४ साली मिळालेले पद्मविभूषण. मग दिवे लागतात, टाळ्या वाजतात आणि आम्ही शिक्षक मंडळी सांगतो, "मुलांनो, तुम्हीही असेच मोठे व्हा." कार्यक्रम संपतो.

माझे म्हणणे असे, की खरा कार्यक्रम तेथून सुरू व्हायला हवा. माहितीपट मनुष्य दाखवतो. त्याची विचार करण्याची रीत दाखवणे कॅमेऱ्याला कठीण असते. नारळीकरांची ती रीत त्यांच्या विज्ञानकथांत सापडते. आणि त्या कथांनाच आपल्या शाळांतून 'अवांतर वाचन' म्हणून बाजूला ठेवले जाते!

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली होती. नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ होते. नावाकडे पाहून निकाल लागू नये म्हणून त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून पाहा, म्हणजे युक्ती कळेल. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ते पत्नी मंगलाताईंचे. त्या स्वतः गणितज्ञ होत्या. कथेला पहिले बक्षीस मिळाले. ही हकीकत ऐकून आपण हसतो. पण तिच्यातील शिस्त पाहा. परीक्षकाच्या मनावर नावाचा परिणाम होऊ द्यायचा नाही, हा प्रयोगशाळेतला नियम त्यांनी साहित्यालाही लावला.

आता कथांची रीत पाहू. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपतच्या लढाईचा निकाल उलटा लागलेले जग आहे. 'हिमप्रलय' या कथेत मुंबईत बर्फ पडते. कल्पना अचाट आहेत, परंतु त्यांना लगाम आहे. एक गोष्ट बदलायची, बाकीचे सृष्टिनियम जसेच्या तसे ठेवायचे आणि पुढे काय होईल ते तर्काने शोधायचे. परीकथेत राजपुत्र अडचणीत आला की नवा मंत्र मिळतो. विज्ञानकथेत तशी सवलत नाही.

ही रीत तुम्हीही वापरू शकता. समजा, उद्या सकाळपासून पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण निम्मे झाले. उंच उडी मारता येईल, हे कोणीही सांगेल. पुढे चला. हवेचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावरील हवेचे वजन. तेही निम्मे होईल. दाब निम्मा झाला, की पाणी १०० ऐवजी सुमारे ८१ अंश सेल्सिअसला उकळेल. पातेल्यातला भात शिजायला जास्त वेळ लागेल. आणि उसाचा रस? तोही कमी तापमानाला उकळेल. येथे थांबा! दाब मुद्दाम कमी करून रस कमी तापमानाला आटवणे, म्हणजे साखर करपत नाही, हे तर आपल्या भागातील साखर कारखान्यांत निर्वात भांड्यांतून रोज चालते. कल्पनेने आकाशात मारलेली उडी अशी भवानीनगर-माळेगावच्या कारखान्यात येऊन उतरते. हे अवांतर कसे?

माहितीपट पाहतानाही हीच चौकस नजर ठेवा. गौरवाच्या स्वरात एक गोष्ट सहज निसटते. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला, हे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. नारळीकरांनी ते कधी मानले नाही. १९६५ साली विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणांचा शोध जाहीर झाला आणि स्थिर विश्वाची कल्पना बहुतेकांनी सोडली. तरी १९९३ साली हॉईल आणि बर्बिज यांच्यासह नारळीकरांनी तिचे सुधारलेले रूप मांडले. तेही बहुसंख्य शास्त्रज्ञांना पटले नाही. हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण उणावते का? मुळीच नाही. मात्र तुम्ही विचारले पाहिजे : पुरावा कोणत्या बाजूला आहे? मोठ्या माणसाचे मत हा पुरावा नव्हे, हे तर त्यांनीच जन्मभर सांगितले.

मुले स्वाक्षरी मागायला आली, की नारळीकर त्यांना म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली माझी सही मिळेल. आणि उत्तरे येत. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. पोस्टकार्ड आजही मिळते, पण त्या पत्त्यावरून उत्तर आता येणार नाही. मग उत्तर कोणी द्यायचे?

शिक्षक बंधुभगिनींनो, ते आता आपले काम आहे. माहितीपटानंतरचे आभाराचे भाषण एकदा वगळून पाहा. त्याऐवजी प्रत्येक मुलाला कार्डाएवढा कागद द्या आणि त्यावर एकच प्रश्न लिहायला सांगा. चाळीस प्रश्नांपैकी दहांची उत्तरे आपल्याला येणार नाहीत. "मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू," असे वर्गात मोकळेपणाने म्हणावे. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. मुलाला प्रश्नच पडेनासा झाला, तर मात्र आपण हरलो.

आणि मित्रहो, गुरुजींनी कागद दिला नाही, तरी तुमच्या वहीला शेवटचे पान आहेच. त्यावर 'समजा' असे लिहा आणि पुढचे वाक्य पूर्ण करा.