लोखंड इथले, लोहशास्त्रज्ञ कुठले?

१८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूवैज्ञानिकाने तत्कालीन चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाच्या शक्यतांविषयी एक अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला आणि भारतीय पोलादाचे स्वप्न त्यांच्या मनात रुजले. लोहाऱ्याच्या डोंगरात उत्तम प्रतीचे खनिज होते, वरोऱ्याला कोळसा होता. परंतु वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कसोटीला उतरला नाही. चांद्यात रुजलेले ते स्वप्न पाव शतकानंतर साकची गावी, म्हणजे आजच्या जमशेदपुरात साकार झाले. लोखंड चांद्याचे आणि पोलादनगरी दुसरीकडे, असा हा दैवदुर्विलास!

इतिहासाने तुटलेला तो धागा आता पुन्हा हाती घेतला आहे. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून २०२१ पासून लोहखनिजाचे उत्खनन सातत्याने सुरू आहे. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे स्पंज आयर्नचा कारखाना उभा राहिला आणि जुलै २०२५ मध्ये मोठ्या पोलाद प्रकल्पाची पायाभरणीही झाली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती या माओवादी नेत्याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीचा धाक ओसरत आहे आणि यंत्रांचा आवाज वाढत आहे. खाणीविषयी ग्रामसभांचे आक्षेप आणि वनसंपदेच्या हानीची चिंता हे गंभीर प्रश्न आहेत व त्यांची तड लागलीच पाहिजे. पण तितकाच मूलभूत असा एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. येऊ घातलेल्या या लोहयुगात एटापल्ली-भामरागडच्या माडिया मुलाची जागा कोठे असणार? भट्टीच्या नियंत्रण कक्षात की कारखान्याच्या फाटकावर?

शेजारच्या चंद्रपूरचा अनुभव या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. वरोऱ्याच्या खाणीतून एकोणिसाव्या शतकातच कोळसा निघू लागला. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ साली स्थापन झाली. औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. पाठोपाठ सिमेंटचे कारखानेही वाढत गेले. आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय? ते आले १९९६ साली! आधी खाण, मग धुराडे आणि सर्वांत शेवटी शाळा, असा हा उलटा क्रम. परिणामी ज्यांच्या जमिनीवर धुराडी उभी राहिली, त्यांच्या वाट्याला कंत्राटी मजुरी आली आणि तंत्रज्ञ बाहेरून आणावे लागले, ही तक्रार या जिल्ह्यात गेली अनेक दशके ऐकू येते. गडचिरोलीत तिची पुनरावृत्ती होऊ द्यायची काय?

ज्या जमशेदपूरने आपले स्वप्न नेले, त्याच जमशेदपूरकडून याचे उत्तर शिकता येईल. तेथेही प्रारंभी भट्ट्यांवरील मोक्याच्या जागा परदेशी तज्ज्ञांच्या हाती होत्या. परंतु १९२१ साली तेथे तांत्रिक शिक्षणसंस्था स्थापन झाली, भारतीय तरुण तिच्यात तयार होऊ लागले आणि हळूहळू ते त्या जागांवर जाऊन बसले. आपल्या महाराष्ट्रातही अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा गोळा करून, लोकमान्यांच्या पाठिंब्याने तळेगावी काच कारखाना काढला, तो काच विकण्याइतकाच काचेचे कारागीर घडविण्यासाठी. स्वदेशीचा खरा अर्थ त्या पिढीला उमगला होता. माल देशी असून भागत नाही, तो घडविणारी बुद्धी आणि हातही देशी लागतात.

गडचिरोलीत आज संस्था मुळीच नाहीत असे नाही. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले. शासकीय तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. हे सारे स्वागतार्ह आहे. पण अभियंता महाविद्यालयात घडतो हा एक गोड गैरसमज आहे. तो घडतो किंवा बिघडतो आठवी-नववीच्या वर्गात. आश्रमशाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी असेल, प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असेल, तर पुढची वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि राखीव जागा कोणासाठी? त्यात भाषेचा डोंगर आहे. घरी माडिया, पुस्तकात मराठी आणि तंत्रनिकेतनात इंग्रजी अशा तीन पायऱ्या या मुलाला एकट्याने चढाव्या लागतात. मातृभाषेतून शिक्षणाचा आणि सहावीपासून व्यवसाय-परिचयाचा आग्रह २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने धरला आहे. त्याची खरी परीक्षा मुंबई-पुण्यात होणार नसून भामरागडात होणार आहे.

आणि हा मुलगा कोरी पाटी घेऊन शाळेत येत नाही. प्रवाहाचा वेग पाहून मासे पकडण्याचा सापळा कोठे लावावा, बांबू कोणत्या दिवसांत तोडला म्हणजे त्याला भुंगा लागत नाही, हे त्याने घरीच पाहिलेले असते. भुंगा लागतो तो बांबूतील पिष्टासाठी आणि ऋतूनुसार पिष्टाचे प्रमाण कमी-अधिक होते. निरनिराळ्या महिन्यांत तोडलेल्या बांबूच्या कापावर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. जेथे पिष्ट अधिक, तेथे निळा-काळा रंग गडद. आजोबांच्या शहाणपणाचे रसायनशास्त्र नातवाला डोळ्यांनी दिसेल. या प्रयोगाला लाखोंची प्रयोगशाळा लागत नाही, जाणता शिक्षक लागतो. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ पासून पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमात हाच मार्ग दाखविला. ग्रामीण मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, माती परीक्षण हातांनी शिकली आणि हातांतून विज्ञान डोक्यात गेले. पाबळला जे जमले, ते पेरमिलीला का जमू नये?

शासनाने आश्रमशाळांतील विज्ञान शिक्षकांची पदे प्राधान्याने भरावीत. उद्योगांना शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावे लागतात. त्या जागांवर पहिला हक्क खाणीभोवतीच्या गावांचा असावा. ग्रामसभांनीही आपली मुले जल-परीक्षण आणि भूमापन शिकायला धाडावीत. नदीचे पाणी गढूळ झाले की नाही, हे कंपनीच्या अहवालावरून समजून घेण्यापेक्षा गावच्याच पोराने मोजून सांगितले, तर वनाचे रक्षणही अधिक डोळसपणे होईल.

पण सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. वीज केंद्रातून, सिमेंट कारखान्यांतून निवृत्त झालेले कितीतरी अभियंते आज चंद्रपूर-बल्लारपुरात राहतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाने एक आश्रमशाळा निवडून महिन्यातील दोन दिवस तिला दिले, सोबत मल्टिमीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर नेला, तर किती मुलांची बोटे यंत्राला न घाबरता लागतील! एकशे चाळीस वर्षांपूर्वी या मातीतील लोखंडाची पारख एका परदेशी माणसाने केली. या मातीतील माणसांची पारख तरी आपण स्वतः करू या!